लावणीतल्या त्या शिट्टीबद्दल

अड्यार, चेन्नई
पितृपंधरवड्यातला रविवार

तीर्थस्वरूप आक्कास,

उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे, पण भाव जमिनीवरचाच समजावा.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींची साखर ताब्यात आहे का, की चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि वर दोन पेढे खायचे हाच क्रम अजून चालू आहे? माग नीट चालले आहेत ना? इकडे आम्ही सर्व क्षेम आहोत. रेवा बरी आहे, संजीव बरा आहे, आणि मी ओरगडमच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे दोष शोधतो नि घरी आलो की रेवा माझे शोधते. तू संक्रांतीला पाठवलेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मात्र संपला. या गावात तांदळाला तोटा नाही. इडलीचा वेगळा, पोंगलचा वेगळा, रोजच्या भाताचा वेगळा. दुकानदार विचारतो कशासाठी हवा, आणि आपण 'खायला' म्हणालो की तो आपल्याकडे दयेनं बघतो. पण घनसाळाचा वास कशालाच नाही. रेवा अजून अधूनमधून रिकामा डबा उघडून हुंगते.

पत्र कशाला लिहिलं, असं तू म्हणशील. तर तू माझा फोन उचलत नाहीस. 'नेर्लेकर परिवार' या ग्रुपमधून तू विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलीस आणि जाता जाता दोन वाक्यं टाकून गेलीस: 'कुठल्या मवाल्यांपुढं नाचवलंय पोराला? आपल्या घरात आजवर कुणी नाचलेलं नाही.' त्यानंतर ग्रुपवर अशी शांतता पसरली आहे की कुणी सुप्रभातसुद्धा टाकत नाही (हा एक फायदाच झाला). फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. शिवाय पोस्टमनला पाणी विचारल्याशिवाय तू कधी सोडत नाहीस, तेव्हा पाकीट निदान हातात तरी घेशील. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. तुझ्यापर्यंत पोचला तो व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. अर्ध्या मिनिटात मी गाडीचं दारसुद्धा पास करत नाही, आणि तू आख्खं पोर नापास केलंस.

त्याचं असं झालं. आमचं इथलं मराठी मित्रमंडळ अण्णा नगरात हॉल घेऊन गणपती बसवतं. मंडळात दोन तऱ्हेचे मराठी लोक आहेत. एक आमच्यासारखे, नोकरीपायी येऊन पडलेले. दुसरे तंजावरकडचे, ज्यांचे पूर्वज राजांच्या काळात इकडे आले आणि जे अजून घरात मराठीच बोलतात. (ते आमच्या मराठीला हसतात, आम्ही त्यांच्या मराठीला हसतो, आणि मग सगळे मिळून कॉफी पितात.) अध्यक्ष श्रीहरी हे त्या दुसऱ्या तऱ्हेचे, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. यंदाच्या बैठकीत सगळ्यांनी एकमुखानं मागणी केली की कार्यक्रमात लावणी पाहिजेच. भजनं झाली, नाट्यगीतं झाली, आता काहीतरी ठसकेबाज होऊ द्या. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. मग श्रीहरींनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, करणार कोण? आक्का, त्याच क्षणी प्रत्येकाला आपापल्या मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं सापडलं. ज्याची बायको इतकी वर्षं कथक शिकली त्याला एकदम तिची पाठदुखी आठवली. ज्याची मुलगी कॉलेजात प्रत्येक स्पर्धेत नाचते, तिची परीक्षा जवळ आली. लावणी सगळ्यांनाच हवी होती, फक्त ती दुसऱ्याच्या घरातली हवी होती.

मला राग आला. मला राग आला की मी उभा राहतो आणि उभा राहिलो की भाषण होतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मी म्हणालो, लावणी ही आपली कला आहे. तिला स्टेजवर शिट्ट्या मारायच्या आणि घरात तिचं नाव काढायचं नाही, हा दुटप्पीपणा आपण किती दिवस करणार? कुठल्यातरी एका घरानं पुढं आलंच पाहिजे! असं म्हणून टेबलावर मूठ आपटली. श्रीहरींची कॉफी सांडली. ती पुसून झाल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं, 'लावणी: उपेंद्ररावांच्या घरून', आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. घरी आल्यावर मी ही बातमी रेवाला सांगितली. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते वर्णन करून सांगण्यासारखं नाही. ती एवढंच म्हणाली की भाषण ज्यानं केलं त्यानंच नाचावं. तेवढ्यात स्वयंपाकघरात उभ्यानं पोहे खाणारा तुझा भाचा म्हणाला, "मी करतो."

आता खरं सांगतो, मला त्या वेळी आनंदच झाला. कारण मला वाटलं, हा गंमत करणार. आमच्या कारखान्यात वार्षिक समारंभाला प्रेस शॉपचे एक दांडगे साहेब साडी नेसून स्टेजवर आले होते, मिशीसकट, पोट हलवत. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांचा कुणी अपमान केला नाही, त्यांच्या घरी कुणी फोन करून काही विचारलं नाही, उलट पुढच्या वर्षासाठी आत्तापासून आग्रह झाला. म्हणून मी संजीवला म्हणालो, झकास, मिशी ठेव, हशा पिकेल. तर तो हात धुऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "हसवायला नाही नाचणार मी, बाबा. तेवढ्या वेळापुरती मला ती बाई व्हायचंय. आणि नीट व्हायचंय." दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती. (तीच मिशी, जिचा फोटो तू कागलकरांना त्यांच्या मुलीसाठी पाठवलास.) तेव्हा माझं डोकं फिरलं. पुढचे काही दिवस मी त्याच्याशी रेवामार्फत बोलत होतो: 'त्याला म्हणावं पंखा बंद कर', तो शेजारी बसलेला असताना. या काळात मला एक शोध लागला तो तुझ्या कानावर घालतो. पुरुषानं साडी नेसायला कुणाचीच हरकत नसते, फक्त तो तिच्यात वाईट दिसला पाहिजे. चांगला दिसला की लोक बैठक बोलावतात. मीही घरातल्या घरात बैठकच बोलावली होती, फक्त तिला कुणी आलं नाही.

एक दिवस कंपनीच्या बसनं लवकर घरी आलो, तर आतल्या खोलीत तालीम चालू होती. दार लोटलेलं होतं. दोष शोधणं हा माझा धंदा, तेव्हा फटीतून बघितलं. आक्का, तो नुसता उभा होता. कमरेवर हात, मान जराशी वळवलेली, आणि आता कुणीतरी येणार आहे आणि आपण त्याच्याकडे मुळीच बघणार नाही आहोत, असा चेहरा. मी ती मान कुठंतरी आधी बघितली होती. कुठं, ते काही केल्या आठवेना. मी चपला हातात घेऊन मागं सरलो आणि दार वाजवून पुन्हा घरात आलो. त्या दिवशी पंखा बंद करायला मी स्वतः सांगितलं.

आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, त्रिपुरसुंदरी मामी. तंजावरकडच्या. वय ऐंशीकडे झुकलेलं, आवाज विशीतला. त्यांचा नातू श्रीवत्स त्यांच्याजवळ असतो, दातांचा डॉक्टर आहे. मुलगा सालस आहे, मराठीपेक्षा तमिळच सहज बोलतो आणि आपल्या कोल्हापुरी ठेच्यावर त्याचा फार जीव. रोज संध्याकाळी वर येतो, ठेचा खातो, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढतो आणि पुन्हा वाढून घेतो. (दातांच्या डॉक्टरनं जिभेचे असे हाल करावेत याचं मला नवल वाटायचं.) तर तालमीच्या आवाजानं एके दिवशी मामी जिना चढून वर आल्या. मी माफी मागायच्या तयारीत होतो. त्यांनी मला बाजूला सारलं, संजीवचा नाच शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "भुईकडे कां पाहतोस रे? तूंच भुईकडे पाहिलेंस, तर लोकांनीं कोठें पाहायचें?" मग हात धरून त्याला खाली त्यांच्या घरात नेलं. मागोमाग मीही गेलो. भिंतीवर एक जुना फोटो: डोईवर दागिने, नाकात नथ, अंगभर रेशमी लुगडं, मोठे शांत डोळे. मी विचारलं, आपल्या आजी का? तर म्हणाल्या, "आजी नव्हे. आमचे ताता." ताता म्हणजे आजोबा. त्यांच्या गावी नृसिंहजयंतीला देवळापुढं नाटक होतं, त्यात बायकांची सोंगंही पुरुषच घेतात, आणि हे आजोबा वर्षानुवर्षं प्रह्लादाची आई व्हायचे. गावातल्या बायका म्हणे पदर कसा घ्यावा हे त्यांच्याकडे बघून शिकायच्या. "आणि मुलें नऊ झालीं त्यांस!" असंही मामींनी सांगितलं, मी काहीही विचारलेलं नसताना. त्या फोटोला रोज मोगऱ्याचा गजरा असतो. मी उभ्या उभ्या विचार करत होतो, हा फोटो आपल्या घरात असता तर आप्पांनी कुठल्या ट्रंकेच्या तळाशी घातला असता!

आता कार्यक्रमाच्या दिवसाकडे येतो. रेवानं ऑनलाइन शिवलेली नऊवारी मागवली होती. ती आदल्या दिवशी आली, उघडली, तर सहावीतल्या मुलीच्या मापाची. तुझा भाचा पावणेसहा फूट. मग धावत मामींकडे. त्यांनी कपाटातलं कांजीवरम नऊवारी काढलं, संजीवला देवघरात नेलं, दार लावलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आणलं. आक्का, काय सांगू! पोर सुंदर दिसत होतं, पण आता हे पोर थेट पाटावर बसून नैवेद्य दाखवणार असं वाटत होतं. मामींनी त्यांच्याकडच्या सोवळ्याच्या पद्धतीनं नेसवलं होतं, घोटे झाकलेले, पदर खांद्यावर घट्ट, सगळं कसं देवाधर्माचं. संजीवनं एक पाय टाकून बघितला तो पाऊलभरही पडेना. मी म्हणालो, मामी, त्याला लावणी करायची आहे. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यो! लावणीला म्हणून आधीं सांगायचें नाहीं काय? मीं श्राद्धाला बसायला म्हणून नेसवलें!" मग सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. रेवा मोबाइलवर व्हिडिओ बघून सांगत होती, मामी 'असें कसें, असें कसें' म्हणत नेसवत होत्या, आणि मी निऱ्या धरून उभा होतो. हो, मी. आयुष्यात बायकोच्या निऱ्या कधी धरल्या नाहीत, मुलाच्या धरल्या. आणि सांगायला हरकत नाही, एकसारख्या आल्या. कारखान्यात मी उगीच नाही त्या खात्यात.

रिक्षाचा मला घोर लागला होता. अड्यारहून अण्णा नगर म्हणजे चांगला लांबचा पल्ला, शेजारी आपला मुलगा नथ घालून बसलेला. पण या गावाची एक गंमत आहे. इथं पूर्ण शृंगार करून रिक्षातून नाचायला जाणारी बाई ही मंडईतल्या कोथिंबिरीसारखी रोजची गोष्ट आहे. रिक्षावाल्यानं आरशात बघून आदरानं विचारलं, "अक्का, डान्सा?" आणि मेकअप बिघडू नये म्हणून प्रत्येक गतिरोधकावर रिक्षा मुंगीच्या पावलानं नेली. कुठं वळायचं हे मात्र संजीवनंच सांगितलं, त्याच्या त्या भरदार आवाजात, तमिळमध्ये. रिक्षावाल्यानं पुढच्या सिग्नलला आरसा पुसून पुन्हा बघितलं. मग मान मागं वळवून म्हणाला, "सूपर, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आणि पुढच्या गतिरोधकावर तो तितकाच हळू गेला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

हॉल भरलेला. संजीव स्टेजवर पाठमोरा उभा राहिला, दिवे मंद झाले, आणि स्पीकरमधून ढोलकीऐवजी सुखकर्ता दुखहर्ता सुरू झालं. (साउंडवर श्रीवत्स होता. गाणी लावण्याचं काम त्यानं हौसेनं मागून घेतलं होतं. त्या मुलाला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही, हे आरतीच्या वेळी सगळ्यांनी बघितलं आहे.) लोक हसायला लागले. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "ए, वळून तरी दाखव!" आणखी हशा. मी खुर्चीचा हात असा आवळून धरला की त्याचा खिळा हलला. संजीव हलला नाही. आरती थांबली, ढोलकी सुरू झाली, तरी तो लगेच वळला नाही. लोकांना वाट बघायला लावली त्यानं. मग ती मान वळली.

पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. कुणाची तरी वाट बघून कंटाळलेली, रागावलेली आणि तरीही आत कुठंतरी हसणारी एक बाई तिथं होती, एवढंच सांगतो. ती कुणाला खूश करायला आलेली नव्हती. मघाशी ओरडणाऱ्याकडे तिनं एकदाच बघितलं, असं, की तो बिचारा खुर्चीत खाली सरकला. ज्या बायकांच्या नवऱ्यांना त्यांच्या पाठदुख्या आठवल्या होत्या त्या उभ्या राहून टाळ्या देत होत्या. आणि शेवटच्या गिरकीला, पदर सावरून तो एका पायावर थांबला तेव्हा, एक कर्णकर्कश शिट्टी वाजली. दोन बोटं तोंडात घालून मारतात तसली, गल्लीतली. तुझ्या व्हिडिओत ती शेवटी ऐकू येते. त्याच शिट्टीवरून तू मवाली म्हणालीस.

आक्का, तो मवाली मी होतो.

शाळा सुटल्यानंतर मी शिट्टी मारली नव्हती. येते की नाही तेही ठाऊक नव्हतं. श्रीहरींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांची कॉफी मी दुसऱ्यांदा सांडली. मला त्याचं काहीही वाटलं नाही. मला माझ्या पोराचा अभिमान वाटतो, हे मी तुला स्वच्छ लिहून देतो. त्याच्या पगाराचा वाटला नव्हता एवढा वाटतो. ज्या घरातून एकजण पुढं यावा म्हणून मी भाषण केलं त्या घरातून तो आला, आणि भाषण करणाऱ्याला त्याच्या मागं यायला वेळ लागला, एवढंच. तेव्हा आता राग सोड, ग्रुपवर परत ये, आणि भाऊजींच्या पेढ्यांकडे लक्ष ठेव. घरातल्या सर्वांना आमच्याकडून यथायोग्य. मोठ्या बहिणीनं धाकट्या भावाचा फोन न उचलणं हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही, याचा विचार व्हावा.

तुझा लाडका भाऊ (आणि तोच मवाली),
उपेंद्र

ता. क. कागलकरांचं राहिलंच. त्यांचा निरोप तू रेवाच्या फोनवर पाठवलास: मुलगा तसला तर नाही ना, असं ते विचारतात. मी लगेच त्यांना उत्तर तयार केलं होतं. झकास झालं होतं. कला वेगळी आणि माणूस वेगळा, सोंग घेणारा पुरुष पुरुषच असतो, आणि पुरावा म्हणून मामींचे ताता आणि त्यांची नऊ मुलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. संजीव म्हणाला, बाबा, नाचाबद्दल लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण हे पाठवू नका. लग्न मी मुलीशी नाही करणार. श्रीवत्स आहे. मी गॅलरीत जाऊन बसलो. मला वाईट वाटलं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मग याहून वाईट वाटलं, की दोष शोधण्यात आयुष्य घातलेल्या बापाच्या घरात पोरानं हे इतकी वर्षं दोषासारखं लपवून ठेवलं. आत आलो तेव्हा मला एकच वाक्य सुचलं: "तरीच रोज ठेचा." संजीव आधी हसला, मग रडला, मग रेवानं दोघांनाही जेवायला बसवलं. मामींना विचारायला गेलो तर म्हणाल्या की त्यांना डोळे आहेत आणि मोतीबिंदू अजून झालेला नाही. एकंदरीत माझा सिद्धांत कोसळला आहे. जन्मभर बाईचं सोंग घेतलं त्यांना नऊ मुलं, आणि ज्याला टाळी धरता येत नाही तो हा श्रीवत्स. नाचावरून माणसाबद्दल काही ठरवायचं हे खातं मी कायमचं बंद केलं आहे. तेव्हा कागलकरांना आपल्याकडून नम्र नकार कळव. लावणीचं कारण देऊ नकोस. त्या कारणाची मला लाज वाटत नाही, आणि दुसऱ्याचीही नाही; पण दुसरं सांगायचं की नाही हे संजीवनं ठरवायचं. तुला सांगा असं त्यानं स्वतः सांगितलं. सगळ्यांच्या आधी तुला.

पुन्हा ता. क. सगळ्यांच्या आधी तुला का, ते आता लिहितो. व्हिडिओ जिथं संपतो त्याच्या पुढं काय झालं ते तुला माहीत नाही. श्रीहरींनी माईकवर संजीवला विचारलं की लावणी कुणाकडे शिकलात? पोर दम खात म्हणालं, "इचलकरंजीला माझी आत्या आहे, सईबाई. ती माझी गुरू." हॉलनं तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आक्का. मला खुर्चीत बसल्या बसल्या ती मान आठवली. तू आठवीत असताना गॅदरिंगला लावणी केली होतीस, पहिला नंबर आला होता, आणि आप्पांनी ढाल घरात आणू दिली नव्हती. मी लहान, मला वाटलं ढाल शाळेतच ठेवायची असते. पुढच्या वर्षी तुझं नाव नव्हतं. मग कितीतरी वर्षांनी दर मे महिन्यात छोटा संजीव तुझ्याकडे येऊन राहायचा, दुपारी भाऊजी मागावर, बाहेर मागांचा खडखडाट, आणि आत स्वयंपाकघराचं दार लावून तुम्ही दोघं! तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. ती त्यानं मोडली, त्याबद्दल त्याला क्षमा कर. आपल्या घरात आजवर कुणी नाचलेलं नाही, हे वाक्य मात्र तू ग्रुपवरून मागं घे. दिवाळी मेळाव्यात मंडळानं त्याला पुन्हा बोलावलं आहे. तो म्हणतो, गुरू पहिल्या रांगेत असेल तरच नाचेन. खरं तर तो म्हणतो, स्टेजवर, शेजारी. मी पहिल्या रांगेचं लिहितोय.

वन्सं, रेवाचा नमस्कार. ह्यांनी शिट्टी मारली हे खरं, पण त्याआधी ढसाढसा रडले ते लिहिलेलं नाही. आता रोज आंघोळ करताना शिट्टीचा सराव चालू असतो आणि खालून मामी भिंत ठोकतात. तुम्ही या, म्हणजे हे थांबेल.

शेवटची ता. क. तुझे घुंगरू अजून आहेत का, असं मी संजीवला विचारलं, तर 'आत्याला विचारा' म्हणाला. ते कुठं आहेत हे रेवानं त्याच्याकडून काढून घेतलं. तेव्हा येताना यंदा घनसाळ आणू नकोस, इथं तांदूळ रग्गड आहे. तुझा तांदळाचा डबा उपडा कर, आणि तळाशी फडक्यात बांधून ठेवलं आहेस तेवढंच घेऊन ये.